‘काही नाही, जाऊ दे!’
(ऐकू कमी येणाऱ्या माणसांशी बोलताना)



आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी म्हणजे आमच्यासाठी परीक्षेपुरता एक पेपर. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारून घेतल्या असतील अशी आशा आहे. ‘इंग्लिश सेक्शनमध्ये दे ना, पटकन होईल’ असं माझी रूममेट म्हणाली होती. पण ज्यांच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला त्या माझ्या आजोबांना इंग्रजी येत नाही. आणि हा लेख मला त्यांना वाचून दाखवायचा नाहीये, हातात वाचायला द्यायचा आहे. का, ते पुढे कळेलच.

घिवलीची गोष्ट

आजोबा घिवलीला राहतात. बोईसरला उतरायचं आणि रिक्षाने तारापूरच्या अणुशक्ती केंद्राच्या बाजूला जायचं. समुद्राला चिकटून असलेलं मच्छीमारांचं गाव. आजोबांनी जवळजवळ चाळीस वर्षं बोटीवर काढली. आधी खलाशी, मग तांडेल. डिझेल इंजिनाच्या शेजारीच बसायचं, तिथेच जेवायचं, तिथेच आडवं व्हायचं. आता वय त्र्याहत्तर. बोट बंद, पण अंगणात बसून जाळ्याची कामं चालू असतात.

आजोबांना ऐकू कमी येतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माहीत होतं म्हणजे काय, तर आम्ही मोठ्याने बोलायचो. दोनदा बोलूनही कळलं नाही तर सोडून द्यायचो.

गेल्या दिवाळीत सगळे ओटीवर बसलो होतो. काकाने कॉलेजमधला एक किस्सा सांगितला आणि सगळे पोट धरून हसले. आजोबाही हसले, पण थोडे उशिरा, आमच्याकडे बघून. मग माझ्याकडे वाकून त्यांनी विचारलं, ‘‘काय झालं गं?’’ मी हसता हसता म्हटलं, ‘‘काही नाही आजोबा, जाऊ दे.’’ ते थोडा वेळ बसले. मग उठून बाहेर अंधारात जाळ्याजवळ जाऊन बसले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर माझं लक्षच नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांना ब्लड प्रेशरसाठी दवाखान्यात न्यायचं होतं. घरात कोणी रिकामं नव्हतं म्हणून मी गेले. डॉक्टर मास्क लावून, कॉम्प्युटरकडे बघत बोलत होते. आजोबा मान हलवत होते. मी बाजूच्या खुर्चीत मोबाइलवर. बाहेर आल्यावर आजोबांनी विचारलं, ‘‘काय म्हणाले डॉक्टर?’’ मी काय उत्तर दिलं असेल? बरोबर. ‘‘काही नाही, सगळं ठीक आहे. गोळी बदललीय फक्त.’’

डॉक्टर म्हणाले होते, ‘‘अर्धी गोळी, जेवणानंतर.’’ आजोबांना ऐकू आलं, ‘‘आधी गोळी, जेवण नंतर.’’ आता तुम्हीच सांगा, ह्या वाक्यात चूक काय आहे? अगदी अर्थपूर्ण वाक्य आहे. त्यांनी ते प्रामाणिकपणे पाळलं. रोज जेवणाआधी अख्खी गोळी. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, पण ते अक्षर कुणाला लागणार!

मी होस्टेलवर परत आले. दहा-बारा दिवसांनी पप्पांचा फोन आला. आजोबा सकाळी चक्कर येऊन ओटीच्या पायरीवरून पडले होते, मनगटाचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं मागवली, मोजली, तेव्हा सगळा उलगडा झाला. सगळे म्हणत होते, ‘‘ह्यांनी विचारायला नको का?’’ त्यांनी विचारलं होतं. मला विचारलं होतं. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, मी सांगेपर्यंत.

मग मी अभ्यास केला

मी टेलिकॉमची विद्यार्थिनी. सिग्नल आणि नॉइज ह्यावर दोन वर्षं पेपर लिहितेय आणि घरातल्या माणसापर्यंत एक वाक्य पोचवता आलं नाही, ही गोष्ट मनाला लागली. म्हणून लायब्ररीत बसून थोडं वाचलं, आजोबांची तपासणी करणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमना भरपूर प्रश्न विचारून सतावलं. जे समजलं ते आपल्या भाषेत मांडते.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते, कॉक्लिया. तिच्यात साधारण पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी ह्या पेशी हलतात आणि मेंदूकडे विजेचा संदेश जातो. म्हणजे हा निसर्गाने दिलेला ट्रान्सड्यूसर. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे आवाज पकडतात, आतल्या टोकाच्या पेशी खालच्या पट्टीचे. माणसाच्या कानातल्या ह्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत.

वयामुळे जातात त्या आधी उंच पट्टीच्या. सततच्या मोठ्या आवाजाने जातात त्याही तिथल्याच, बहुतेक वेळा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या. बोटीचं इंजिन असो की आमच्या बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीतले कापडाचे माग, कॉम्प्रेसर आणि प्रेस, हिशोब एकच. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तिथला आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर आहे असं समजायला हरकत नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्याच्या संस्थेने ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास ही मर्यादा सांगितली आहे. तिथून पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. आजोबा तर तिथेच झोपायचे.

आता महत्त्वाचा मुद्दा. बोलण्यातले स्वर, म्हणजे अ, आ, ओ वगैरे, खालच्या पट्टीत असतात आणि त्यांच्यात जोर जास्त असतो. स, श, फ, थ, ख अशा व्यंजनांची ओळख पटते ती बरीचशी वरच्या पट्टीत, साधारण २००० हर्ट्झच्या पुढे, आणि ती मुळातच नाजूक असतात. वरची पट्टी गेली की स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. ‘सात’, ‘साठ’ आणि ‘आठ’ म्हणून बघा. तिन्हींत उरतो तो फक्त ‘आ’. भात, हात, ताट, तीच गत.

म्हणूनच अशी माणसं म्हणतात, ‘‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.’’ आणि आपण म्हणतो, ‘‘हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं ह्यांना!’’ पप्पांचा जाड आवाज आजोबांना त्यातल्या त्यात कळायचा, माझा बारीक आवाज नाही. आम्ही समजायचो की ते माझ्याकडे दुर्लक्ष करतात.

ओरडण्याने काय होतं?

आपला पहिला उपाय म्हणजे आवाज चढवणे. तो का चालत नाही ह्याची तीन कारणं आहेत.

पहिलं, ओरडताना स्वर मोठे होतात, व्यंजनं त्या प्रमाणात होत नाहीत. म्हणजे जे ऐकू येतच होतं तेच आपण आणखी मोठं करतो. ‘सात’चा ‘आऽऽ’ गावभर ऐकू जातो, ‘स’ आणि ‘त’ जिथल्या तिथे.

दुसरं, केसपेशी गेलेल्या कानात हळू आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज मात्र एकदम मोठा वाटतो, अगदी दुखेल इतका. मधली जागा कमी झालेली असते. आपल्या भाषेत, डायनॅमिक रेंज आखूड झालेली असते. म्हणून आजोबा आधी म्हणतात ‘‘काय?’’ आणि मी ओरडले की म्हणतात ‘‘ओरडतेस कशाला?’’ ह्यावर आमच्या घरी किती भांडणं झाली असतील! दोन्ही वाक्यं खरी होती.

तिसरं, ओरडताना चेहरा रागावलेला दिसतो. समोरच्याला शब्द कळत नाहीत, राग कळतो.

आरशासमोरचा प्रयोग

हा प्रयोग आज रात्री रूमवर जरूर करा. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणा: बाबा, पापा, मामा. ओठांकडे बघा. काही फरक दिसतो का? प, फ, ब, भ, म हे सगळे ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात. क, ख, ग, ह तर घशातच होतात, ओठांवर दिसतच नाहीत.

ऐकू कमी येणारा माणूस कळत-नकळत ओठ वाचतो. पण ओठांवर अर्धवटच माहिती असते. बाकीचं तो संदर्भावरून, चेहऱ्यावरून, हातवाऱ्यांवरून जुळवतो. म्हणजे आपण आरामात गप्पा मारत असतो तेव्हा तो प्रत्येक वाक्याला गाळलेल्या जागा भरत असतो, आणि त्याही पुढचं वाक्य चालू असताना. ह्यात माणूस थकतो. लग्नकार्यात आजोबा तासाभरात ‘‘डोकं दुखतंय’’ म्हणून घरी का जायचे, ते मला आत्ता कळलं.

मशीन लावलं की झालं?

आजोबांना आता हिअरिंग एड आहे. ‘मशीन लावलं ना, आता काय प्रॉब्लेम?’ असं खूपजण विचारतात. चष्मा लावला की दिसतं, तसं हे नाही. हिअरिंग एड आवाज मोठा करतं, मेलेल्या पेशी जिवंत करत नाही. आजच्या डिजिटल मशीनमध्ये कोणती पट्टी किती वाढवायची ते ठरवता येतं, समोरून येणारा आवाज जास्त घेणारे माइकही असतात. तरीही पंखा, मिक्सर, टीव्ही, समुद्रावरचा वारा हे सगळं थोडंफार वाढतंच. मेंदूलाही नव्या आवाजांची सवय व्हायला आठवडे, कधी महिने लागतात.

इथे आपला अभ्यास कामाला येतो. प्रश्न निव्वळ आवाजाचा नसून सिग्नल-टू-नॉइज रेशोचा आहे. तो सुधारायचे दोन मार्ग आहेत: सिग्नल वाढवा किंवा नॉइज कमी करा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. चार पावलांवरून ओरडण्यापेक्षा तीन पावलं पुढे येऊन साध्या आवाजात बोलणं जास्त उपयोगाचं. आणि टीव्ही बंद करायला तर काहीच खर्च नाही!

काय करावं

मॅडमनी सांगितलेलं आणि घिवलीच्या घरात वापरून बघितलेलं, असं दोन्ही एकत्र देते.

१. आधी लक्ष वेधा, मग बोला. समोर येऊन हात हलवा किंवा खांद्याला हलकेच हात लावा. मागून एकदम हात लावू नका, माणूस दचकतो. स्वयंपाकघरातून ओटीवर वाक्य फेकायची सवय सोडा.

२. चेहरा उजेडात ठेवा. खिडकीला पाठ करून बोललं तर आपला चेहरा काळा दिसतो. लाइट गेली की आमच्याकडे गप्पा रंगतात, पण आजोबांचं ऐकणं लाइटबरोबरच जातं. आता आम्ही बॅटरी बोलणाऱ्याच्या तोंडाच्या बाजूला ठेवतो. थोडं भुताच्या सिनेमासारखं दिसतं, पण चालतं.

३. तोंड झाकू नका. मास्क, ओढणी, हात, खाणं, च्युइंगगम, सगळं आलं ह्यात. दवाखान्यात मास्क काढता येत नसेल तर लिहून द्या.

४. नेहमीच्या आवाजात, थोडं सावकाश, स्पष्ट बोला. प्र-त्ये-क अ-क्ष-र तोडून बोलू नका. त्याने ओठांची नेहमीची हालचाल बिघडते आणि समोरच्याला आपण लहान मूल समजतोय असं वाटतं.

५. विषय आधी सांगा. ‘‘आजोबा, लग्नाबद्दल बोलतेय’’ असं म्हटलं की गाळलेल्या जागा भरणं निम्मं सोपं होतं. विषय बदलला तर तेही सांगा.

६. दोनदा सांगून कळलं नाही तर शब्द बदला. ‘भात घेणार का?’ ऐवजी ‘तांदूळ शिजलाय, वाढू का?’ जो शब्द एकदा गळला तो दहादा म्हटला तरी गळणारच.

७. आकडे, वेळा, नावं, औषधं नेहमी लिहा. मराठीत हा धोका जास्त आहे, कारण आपले आकडे सारखे वाटतात. एकोणतीस आणि एकोणचाळीस, सत्तावीस आणि सत्तेचाळीस. फोन नंबर एकेक आकडा सुटा सांगा.

८. ‘‘कळलं का?’’ विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘‘हो’’ असतं. माणसाला पुन्हा पुन्हा ‘नाही’ म्हणायची लाज वाटते. त्याऐवजी विचारा, ‘‘मग गोळी कधी घेणार?’’ हा एक प्रश्न मी त्या दिवशी विचारला असता तर आजोबांचा हात मोडला नसता.

९. चारचौघांत एका वेळी एकानेच बोला. कोण बोलतंय तिकडे हात करा. बसायची जागा त्यांना निवडू द्या. आजोबा आता कोपऱ्यात, भिंतीला पाठ करून बसतात. सगळे समोर दिसतात आणि मागचा गोंगाट येत नाही.

१०. माणसाशी बोला, त्याच्याबरोबरच्याशी नाही. ‘‘ह्यांना काय होतंय?’’ असं मला विचारलं जातं तेव्हा आजोबा समोरच बसलेले असतात.

११. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘‘काही नाही, जाऊ दे’’ कधीही म्हणू नका. गोष्ट बिनमहत्त्वाची असली तरी सांगा. महत्त्वाची होती की नाही हे त्यांना ठरवू द्या.

सगळ्यांना एकच नियम लागू पडत नाही. कुणाचा डावा कान चांगला असतो, कुणाला लिहिलेलं सोयीचं, कुणाला ओठ वाचता येतात तर कुणाला नाही. म्हणून सरळ विचारा, ‘‘तुम्हाला कसं सोयीचं पडेल?’’ आजोबांसारख्या लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी मोबाइलवर आता बोललेलं लिहून दाखवणारी ॲप्स आहेत, मराठीतही चालतात. चुका करतात, कधी कधी भारी विनोदी, पण मदत होते.

ज्यांची भाषाच हातांची आहे

आतापर्यंत मी उतारवयात किंवा कामामुळे ऐकू कमी झालेल्यांबद्दल लिहिलं. पण जन्मापासून किंवा लहानपणापासून न ऐकणारे अनेकजण खुणांच्या भाषेत बोलतात. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये आपण त्यांना पाहिलंय आणि, खोटं कशाला बोलू, टक लावून पाहिलंय.

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी बोललेली मराठी किंवा हिंदी नाही. तिला स्वतःचं व्याकरण आहे, आणि चेहऱ्यावरचे हावभाव त्या व्याकरणाचाच भाग आहेत. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेत शाळांमध्ये खुणांची भाषा नको, मुलांना बोलायलाच शिकवा, असा ठराव झाला. त्याचा परिणाम जगभर झाला आणि कित्येक पिढ्यांना शाळेत हात वापरायची बंदी सोसावी लागली. १३० वर्षांनी, २०१० साली, कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त करून तो नाकारण्यात आला. आपल्याकडे २०१५ मध्ये दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांच्या शब्दकोशाची सुरुवात २०१८ मध्ये ३००० शब्दांनी झाली आणि २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांवर गेला. आपल्याला जवळ म्हणजे वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. ती १९८३ पासून ह्याच क्षेत्रात काम करतेय.

दुभाषा असेल तर त्याच्याकडे नाही, त्या व्यक्तीकडे बघून बोलायचं, हा इथला पहिला शिष्टाचार. दुसरा शब्दांचा. ‘मूकबधिर’ हा शब्द अनेकांना आवडत नाही, कारण ते मुके नाहीत, त्यांच्याकडे भाषा आहे. ‘कर्णबधिर’ म्हणणं बरं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा जास्त दोष असेल तर बधिर आणि ६० ते ७० डेसिबल असेल तर ऐकू कमी येणारी व्यक्ती, अशा व्याख्या आहेत.

आणि काम? मुंबईत ध्रुव लाकरा ह्यांनी मिरॅकल कुरिअर्स सुरू केलं. तिथे टपाल वाटायचं आणि वर्गवारी करायचं काम कर्णबधिर मुलामुलींना दिलं गेलं. पत्ता वाचायला आणि रस्ता लक्षात ठेवायला कान लागत नाहीत, एवढी साधी गोष्ट एका माणसाच्या लक्षात आली.

आपल्या होस्टेलपुरतं

आता थोडं आपल्याकडे वळू. ‘‘बहिरा आहेस का रे?’’ हे आपलं रोजचं वाक्य. गेटवरच्या एका काकांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांना मुद्दाम भलतंच सांगून हसणारे आपणच. मी पण हसलेय. त्या काकांनी आयुष्यभर कुठल्या मशीनशेजारी काम केलं असेल हे आपण कधी विचारलं का?

सर-मॅडमना एक नम्र विनंती. फळ्याकडे तोंड करून शिकवलेलं मागच्या बेंचवर धड कान असलेल्यांनाही कळत नाही. मग ज्याला कमी ऐकू येतं त्याचं काय? लिहून झालं की वळून बोलावं, विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न सगळ्यांसाठी परत एकदा म्हणावा, सबमिशनची तारीख फळ्यावर लिहावी. व्हायवामध्ये एखादा ‘‘पार्डन?’’ म्हणाला तर तो वेळ काढतोय असं लगेच समजू नये. ह्यात खर्च काहीच नाही आणि फायदा सगळ्या वर्गाचा.

शेवटचं आपल्या स्वतःच्या कानांबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात सुमारे ४३ कोटी लोकांना उपचार किंवा मदत लागेल इतकं कमी ऐकू येतं, आणि चुकीच्या पद्धतीने गाणी ऐकल्यामुळे शंभर कोटींहून जास्त तरुणांचे कान धोक्यात आहेत. त्यांच्या हिशोबाने मोठ्यांसाठी सुरक्षित मर्यादा म्हणजे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. डहाणू लोकलच्या खडखडाटावर मात करायला आपण इअरफोन फुल्ल करतो तेव्हा कितीवर जातो? गॅदरिंगला डीजेच्या स्पीकरसमोर नाचून आल्यावर रात्रभर कानात शिट्टी वाजते, ती त्या पेशींची तक्रार असते. आजोबांना पर्याय नव्हता, पोटासाठी इंजिनाजवळ बसावं लागलं. आपल्याला आहे.

परत घिवली

हाताचं प्लॅस्टर निघालं तेव्हा मी घिवलीला गेले. गोळ्यांच्या पाकिटावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘अर्धी (१/२). रात्री जेवल्यावर.’ आजोबांनी वाचलं आणि म्हणाले, ‘‘हे आधीच लिहिलं असतंस तर?’’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मग त्यांच्यासमोर, उजेडात बसून मी सांगितलं की त्या दिवशी दवाखान्यात माझं लक्ष नव्हतं. एकदा सांगून कळलं नाही. दुसऱ्यांदा शब्द बदलून सांगितलं. चूक कबूल करणं कठीण असतं, ती दोनदा कबूल करणं त्याहून कठीण. पण दुसऱ्यांदा त्यांना कळलं. ते म्हणाले, ‘‘मी पण परत विचारायला पाहिजे होतं. पण सारखं सारखं विचारलं की तुम्ही पोरं वैतागता.’’

त्यावर मला काही बोलता आलं नाही.

संध्याकाळी सगळे ओटीवर जमले तेव्हा मी टीव्ही बंद केला आणि दिवाळीतला काकाचा तो किस्सा आजोबांसमोर बसून, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. त्यांनी शांतपणे पूर्ण ऐकला आणि म्हणाले, ‘‘एवढंच? ह्यात हसण्यासारखं काय होतं?’’

खरंच, काही नव्हतं. पण ते त्यांनी ठरवलं, मी नाही.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी तुमच्या घरातलं, गेटवरचं, लोकलमधलं कुणी ‘‘काय?’’ म्हणून विचारेल, तेव्हा एक पाऊल पुढे या, चेहरा समोर करा आणि परत सांगा. आजोबा, तुम्ही हे वाचत असाल तर कुठे चुकलं असेल ते पेन्सिलने खूण करून ठेवा. सुट्टीत आले की बसून बघू.

— तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार शाखा, मुलींचे वसतिगृह